एका पाठ्यपुस्तकाची परीक्षा

शिक्षकाच्या वांट्याला जीं कांहीं किरकोळ कामें येतात, त्यांत पुस्तकांवर अभिप्राय लिहून देणें हें एक आहे. तें किरकोळ समजलें जातें, म्हणून बहुधा किरकोळपणेंच उरकलें जातें. प्रस्तावना वाचावी, अनुक्रमणिकेवरून नजर फिरवावी, मधलीं दोनचार पानें उघडावीं, छपाई व आकृति ह्यांविषयीं एक वाक्य लिहावें, आणि 'विद्यार्थ्यांस उपयुक्त' असा शेरा मारून सही करावी, हा त्याचा रूढ विधि. मींही तीस वर्षांत असे शेरे पुष्कळ मारले आहेत. परंतु गेल्या पावसाळ्यांत एका पुस्तकानें मला ह्या कामांत असें अडविलें कीं, अर्ध्या पानाच्या अभिप्रायाला दोन महिने लागले. त्याची हकीकत वाचकांस सांगावी असें वाटतें.

साताऱ्यास ज्या महाविद्यालयांत मी पदार्थविज्ञान शिकवितों, तेथें बी. एस्‌सी.च्या विद्यार्थ्यांसाठीं भूभौतिकी हा विषय ऐच्छिक म्हणून सुरू करावयाचें ठरलें. पृथ्वीचें पोट उघडून कोणी पाहिलेलें नाहीं. तेव्हां तिच्या पाठीवर उभें राहून गुरुत्व, कंप, उष्णता, वीज व चुंबकत्व मोजावें आणि त्यावरून आंत काय असेल तें ठरवावें, हा ह्या शास्त्राचा व्यवसाय. नाडी पाहून पोटांतलें दुखणें सांगणाऱ्या वैद्याशीं त्याचें नातें आहे. मात्र येथें नाडीचे ठोके आंकड्यांत मांडावे लागतात. नेमावयाचें पुस्तक म्हणून विल्यम लाउरी ह्यांचें 'फंडामेंटल्स ऑफ जिओफिजिक्स' सुचविण्यांत आलें होतें. लाउरी हे झुरिचच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्यापीठांत प्राध्यापक होते. केंब्रिजच्या विद्यापीठ मुद्रणालयानें हा ग्रंथ १९९७ सालीं प्रथम काढला. २००७ सालीं त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ति निघाली आणि २०२० सालीं आंद्रेआस फिक्टनर ह्यांच्या सहकार्यानें तिसरी. माझ्या हातीं आली ती दुसरी.

पहिल्या वाचनांत पुस्तकानें माझें मन जिंकलें. सारा विषय पांच मोठ्या प्रकरणांत बसविला आहे: एक ग्रह म्हणून पृथ्वी, गुरुत्व व पृथ्वीचा आकार, भूकंपशास्त्र व पृथ्वीची अंतर्रचना, तिचें वय आणि तिचे औष्णिक व विद्युतीय गुण, आणि शेवटीं भूचुंबकत्व. गणित पायरीपायरीनें सोडवून दाखविलें आहे. अधिक खोल जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं वेगळ्या चौकटी घातल्या आहेत, त्यामुळें सामान्य विद्यार्थ्याची वाट अडत नाहीं. प्रकरणांच्या शेवटीं उजळणीचे प्रश्न आहेत व आंकडेमोडीचीं उदाहरणें आहेत. फाउलर बाईंचें 'द सॉलिड अर्थ' हेंही ह्या विषयावरील नामांकित पुस्तक. परंतु आमच्या मुलांना लाउरींची चढण अधिक सोसेल असें मला वाटलें. एवढ्यावर शेरा मारून मोकळें व्हावयाचें. पण लेखणी उचलली आणि मला एक जुनी वही आठवली.

ती वही माझी नव्हे, एका विद्यार्थ्याची. १९९३ सालीं मी नुकताच नोकरीस लागलों होतों. त्या ऑगस्टमध्यें लहरींचें प्रकरण शिकवितांना भूकंपाचा विषय निघाला आणि मीं वर्गाला एक वाक्य सांगून लिहवून घेतलें: 'दख्खनचें पठार पुरातन व स्थिर भूमीवर वसलेलें असल्यामुळें येथें मोठ्या भूकंपाचें भय नाहीं, कोयनेचा भूकंप हा धरणामुळें घडलेला अपवाद होय.' हें वाक्य मीं एका जुन्या प्राथमिक पुस्तकांतून उचललें होतें. तें सुटसुटीत होतें, परीक्षेंत लिहिण्याजोगें होतें, आणि मलाही तें खरें वाटत होतें. त्यानंतर दोन महिनेही लोटले नाहींत तोंच, ३० सप्टेंबरच्या पहांटे, गणपतींचें विसर्जन करून थकून झोंपलेल्या किल्लारीवर आणि आसपासच्या गांवांवर घरें कोसळलीं. दहा हजारांच्या जवळपास माणसें गेलीं. तेथें भूपट्टांची कड नव्हती, कीं कोयनेसारखें शंभर मीटर उंचीचें धरणही नव्हतें. सरकारी नकाशांत तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत घातलेला होता.

पुढें वर्ग भरला तेव्हां पाटण तालुक्यांतला एक मुलगा तास संपल्यावर माझ्यापाशीं आला. त्याच्या आजोबांचें घर १९६७ सालच्या भूकंपांत पडलेलें होतें. वही उघडून त्यानें तें वाक्य दाखविलें आणि विचारलें, "सर, हें खोडूं कां?" त्याच्या स्वरांत उपहास नव्हता, परीक्षेला काय लिहावें एवढीच त्याची अडचण होती. मी म्हणालों, "खोड." त्यानें पट्टी ठेवून नीट रेघ मारली व विचारलें, "मग त्या जागीं काय लिहूं?" त्याला मला कांहींही सांगतां आलें नाहीं. पुढच्या तासाची घंटा झाली, आणि मीं त्या घंटेचे मनोमन आभार मानले.

त्या वाक्याचा मीं पुढें पुष्कळ विचार केला आहे. तें चुकीचें होतें हा त्याचा लहान दोष. मोठा दोष असा कीं, तें 'कशावरून' ह्या प्रश्नाला वाटच ठेवीत नव्हतें. आपल्या देशांत पहिलें भूकंपलेखक यंत्र १८९८ सालीं कलकत्त्यास बसलें; म्हणजे १९९३ सालीं यंत्रांच्या नोंदींना शंभर वर्षेंही झालीं नव्हतीं. एवढ्याशा काळांतल्या शांततेवरून कोट्यवधि वर्षांच्या खडकाला 'स्थिर' हें प्रशस्तिपत्र कोणीं दिलें, कोणत्या मापावरून दिलें, हें मीं विचारलें नाहीं, मग विद्यार्थी कोठून विचारणार? कोयनेच्या वेळीं हाच धडा मिळाला होता. त्या भूकंपापूर्वींच्या नकाशानेंही तो परिसर कमी धोक्याचाच मानला होता, आणि १९७० सालीं नकाशा बदलावा लागला होता. किल्लारीनंतर २००२ सालीं सर्वांत कमी धोक्याचा तो पट्टाच नकाशांतून काढून टाकण्यांत आला. नकाशे दुरुस्त होतात. वहींतलीं वाक्यें मात्र मुलांच्या डोक्यांत तशींच राहतात.

तेव्हां ह्या पुस्तकाची परीक्षा मीं एकट्यानें करावयाची नाहीं असें ठरविलें. तिसऱ्या वर्षाच्या सहा विद्यार्थ्यांना घेऊन आठवड्यांतून दोन दुपारीं तें वाचावयास आरंभ केला. पहिला अडथळा इंग्रजीचा. सहांपैकीं चौघांचें शालेय शिक्षण मराठींतून झालेलें. खटाव तालुक्यांतील एका मुलीला पहिलें पान संपवावयास दीड तास लागला. माझे एक तरुण सहकारी हें पाहून म्हणाले, "सर, ह्या मुलांना पदवी पाहिजे, नोकरी पाहिजे. मराठींत टिपणांचें पातळसें पुस्तक नेमा. हा ग्रंथ कपाटांत शोभेल." त्यांचें बोलणें मला झोंबलें, पण तें खोटें नव्हतें. ज्या मुलाचा बाप ऊंसतोडीस जातो, त्याला दीड तासांत एक पान वाचावयास सांगणारा प्राध्यापक आपल्या पगाराच्या सुखांतून बोलत असतो. परंतु मला त्याच वेळीं हेंही आठवत होतें कीं, १९९३ सालचें माझें तें वाक्य अशाच एका पातळ पुस्तकांतलें होतें.

भूकंपलहरींच्या प्रकरणाशीं आलों तेव्हां पुस्तक पहिल्यानें जिवंत झालें. भूकंपाच्या केंद्रापासून दोन जातींच्या लहरी निघतात. प्राथमिक लहर खडकांतून सेकंदास सुमारें ६ किलोमीटर वेगानें धांवते, दुय्यम लहर साडेतीनच्या. म्हणून जितकें अंतर अधिक, तितकें दोहोंच्या आगमनांत अंतर अधिक. हें वाचतांना मला आमच्या घरांतली एक जुनी कथा आठवली आणि ती मीं मुलांना सांगितली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे, सव्वाचार वाजून गेल्यावर, कोयनेचा भूकंप झाला तेव्हां माझी आत्या साताऱ्यास होती आणि आई सांगलीस. आत्या सांगे, "गडगड ऐकूं आली आणि देव म्हणायलाही सवड मिळाली नाहीं, घर हललें." आई आजही सांगते तें निराळें. तिला बारीक घरघर ऐकूं आली, तिनें वडिलांना हाक मारली, "मालगाडी असेल" असें म्हणून त्यांनीं कूस बदलली, आणि त्यानंतर फळीवरचीं भांडीं खालीं आलीं. ह्या दोन हकीकतींवरून दोघी नणंदाभावजयांचा वर्षानुवर्षें वाद चाले. प्रत्येकीला दुसरीचें सांगणें पदरचें वाटे.

मुलांनीं नकाशावर पट्टी ठेवली. कोयनानगरपासून सातारा सरळ रेषेंत सुमारें ४० किलोमीटर, सांगली सुमारें १०५. भागाकार केला. साताऱ्यास दोन लहरींत अंतर पांच सेकंदांहून किंचित् कमी, सांगलीस साडेबारा सेकंद. साडेबारा सेकंदांत नवऱ्याला हाक मारतां येते, त्याचें उत्तर ऐकतां येतें आणि त्याची कूसही बदलून होते. आत्या आतां हयात नाहीं. त्या संध्याकाळीं मीं आईला सांगितलें कीं, तुम्ही दोघीही खरें बोलत होतां. ती म्हणाली, "मग तिला हें जिवंतपणीं कां नाहीं सांगितलेंस?" ह्यालाही माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. हें गणित मला विद्यार्थिदशेपासून येत होतें. तें घरच्या गोष्टीला लावावें हें सुचलें नव्हतें.

पुढची परीक्षा अवघड होती. शिवाजीसागराचें पाणी १९६२ च्या सुमारास सांठूं लागलें आणि त्यापाठोपाठ परिसरांत धक्के सुरू झाले. १९६७ च्या भूकंपाची प्रत ६·३ होती; पावणेदोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. धरण बांधतांना भूकंपाचें बळ गुरुत्वाच्या शेंकडा ५ इतकें धरलें होतें. धरणांतल्याच यंत्रानें त्या पहांटे शेंकडा ६३ पर्यंत त्वरण नोंदविलें. धरणाला वरच्या भागांत भेगा पडल्या, पण तें उभें राहिलें; पुढें त्याला आधार देऊन बळकट करण्यांत आलें. हे आंकडे फळ्यावर लिहिल्यावर मीं मुलांना दाब काढावयास सांगितलें. शंभर मीटर खोल पाण्याचा दाब सुमारें १० वातावरणांइतका. पण पांच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब तेराशें वातावरणांचा. खटावची ती मुलगी, जिला पहिलें पान दीड तास पुरलें होतें, ती उठली आणि म्हणाली, "सर, तेराशें सोसणारा खडक दहानें कसा मोडेल?"

मला ह्या प्रश्नाचा आनंद झाला. हें विचारावयास ती 'धरणामुळें भूकंप झाला' हें वाक्य ओलांडून पलीकडे गेली होती. उत्तराचीं साधनें लाउरींच्या पुस्तकासारख्या ग्रंथांत मिळतात: ताण म्हणजे काय, घर्षण म्हणजे काय, खडक कोणत्या अटीवर सरकतो. खडक तेथें अखंड नव्हताच. जुन्या भेगेच्या दोन बाजू भूमीच्या नैसर्गिक ताणानें आधींच सरकण्याच्या बेतांत आलेल्या होत्या. वरून पाण्याचें ओझें पडलें हें खरें. पण पाणी फटींतून खोल झिरपलें आणि त्याच्या दाबानें भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून किंचित् उचलल्या गेल्या, घर्षण कमी झालें, हें अधिक महत्त्वाचें. अमेरिकेंत डेन्व्हरजवळ १९६२ सालीं साडेतीन किलोमीटरांहून खोल विहिरींत टाकाऊ पाणी दाबानें सोडूं लागले, तेव्हां भूकंप नसलेल्या त्या भागांत धक्के सुरू झाले. पाणी सोडणें १९६६ सालीं थांबविलें, तरी मोठे धक्के १९६७ सालीं बसले. म्हणजे पाण्यानें भूकंप निर्माण केला नाहीं. तयार असलेला भूकंप त्यानें मोकळा केला.

येथवर पुस्तक आमच्याबरोबर होतें. त्यापुढचे प्रश्न मुलांचेच होते. मग प्रत्येक धरणाखालीं असें कां होत नाहीं? १९८५ नंतर वारणेचें पाणी अडूं लागलें आणि १९९३ पासून धक्क्यांचा भर दक्षिणेस, सांगली जिल्ह्याच्या कडेकडे, कां सरकला? सुमारें ३० किलोमीटर लांब व २० रुंद एवढ्या पट्ट्यांतच साठ वर्षें हे धक्के कां घुटमळतात? शास्त्र ह्यांचीं उत्तरें अजून शोधतच आहे, आणि तो शोध आमच्याच जिल्ह्यांत चालला आहे. कराड येथें केंद्र सरकारच्या भूविज्ञान खात्याची प्रयोगशाळा आहे. तिच्या कार्यांतून पाटण तालुक्यांत गोठणें येथें तीन किलोमीटर खोल वेध घेतला गेला. सुमारें साडेबाराशें मीटर काळा कातळ भेदल्यावर खालीं ग्रॅनाइट लागला. जगांतल्या संशोधकांचें लक्ष ज्या भोंकाकडे लागलें आहे, त्याच्या शेजारच्या गांवांतलीं मुलें आमच्या वर्गांत बसतात आणि त्यांच्या वहींत 'अपवाद' हा एकच शब्द असतो.

मग मीं सहाही जणांना एक काम दिलें: पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणासाठीं आपल्या जिल्ह्यांतलें एक उदाहरण शोधावयाचें. भूचुंबकत्वासाठीं महाबळेश्वर सांपडलें. तेथल्या लाव्हाच्या थरांत, तो थिजला त्या वेळचें चुंबकत्व शिल्लक आहे. दख्खनच्या खडकांचें असें मापन क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स ह्यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केलें. त्या चुंबकत्वाच्या कलावरून कळतें कीं, सुमारें ६·६ कोटि वर्षांपूर्वीं ही भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस तीस अंशांच्या आसपास होती. आज सातारा उत्तरेस पावणेअठरा अंशांवर आहे. मुलांनीं अंशांचे किलोमीटर केले, वर्षांनीं भागलें, आणि वर्षाला सुमारें ८ सेंटिमीटर असें उत्तर आलें. ज्या पठाराला मीं 'स्थिर' म्हटलें होतें, तें सव्वापांच हजार किलोमीटर चालून आलेलें होतें! वीजवहनाच्या प्रकरणासाठीं जतचा एक मुलगा म्हणाला, "आमच्याकडे पाणाड्या नारळ घेऊन फिरतो. वडिलांनीं तीन वेळां बोअर घेतली, तिन्ही कोरड्या." जमिनींत चार सळया ठोकून बाहेरच्या दोहोंतून वीज सोडावयाची व आंतल्या दोहोंत दाब मोजावयाचा, झिजलेल्या ओलसर खडकाचा विरोध कमी, घट्ट कातळाचा अधिक. ही रीतही चुकूं शकते. पण ती कां चुकली हें शोधतां येतें, आणि नारळाच्या बाबतींत तें शोधतां येत नाहीं. माण, आटपाडी, जत ह्या भागांतल्या मुलाला भूभौतिकी म्हणजे काय, हें ह्याहून चांगलें कोण सांगणार?

आतां माझा अभिप्राय. पुस्तक चांगलें आहे. तें जगाच्या विद्यार्थ्यासाठीं लिहिलेलें आहे आणि म्हणून तें कोणत्याही एका गांवाचें नाहीं. ह्याचा दोष त्याच्याकडे जात नाहीं. गांव वर्गांत आणणें हें शिक्षकाचें काम. पाठ्यपुस्तकाचा खरा गुण, तें किती उत्तरें देतें ह्यांत नाहीं. तें वाचून विद्यार्थ्याला पुस्तकांत नसलेला प्रश्न विचारतां येतो कीं नाहीं, ह्यांत आहे. खटावच्या मुलीनें तो विचारला, तेव्हां पुस्तक माझ्या लेखीं उत्तीर्ण झालें. माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेपही मीं कागदावर मांडला: ग्रंथ महाग आहे, इंग्रजी जड आहे, म्हणून तो प्रत्येकानें विकत घ्यावा असें न करतां ग्रंथालयांत दहा प्रती ठेवाव्या, आठवड्यांत एक तास तो मुलांबरोबर मराठींतून समजावून वाचावा, आणि स्थानिक उदाहरणांची एक छोटी मराठी पुस्तिका त्याला जोडावी. ती पुस्तिका लिहिण्याचें मीं कबूल केलें, आणि आक्षेप घेणारे सहकारी माझ्याबरोबर तें काम करीत आहेत.

अर्ध्या पानाचा अभिप्राय असा तीन पानांचा झाला. १९९३ सालचा तो विद्यार्थी त्या वर्षानंतर मला भेटला नाहीं. आतां तो पन्नाशीकडे झुकला असेल. त्याच्या वहींत मारलेल्या रेघेखालीं काय लिहावें, हें मला आतां थोडेंबहुत सुचतें. येथें मोजलेलें काय आहे तें लिही; त्यावरून काढलेलें अनुमान काय तें त्याच्या शेजारीं निराळें लिही; आणि घर बांधशील तें भूकंप होणार असें धरून बांध. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मीं हेंच लिहिलें आहे.